भटारखान्यातली प्रार्थना



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे आणि नव्या कामगार संहितांविषयी चार शब्द सांगावेत, एवढीच. त्या विषयावर आम्हांस झोपेतून उठवले तरी दोन तास बोलता येईल. घरची मंडळी तर म्हणतात की कधी कधी झोपेतही बोलतो. तरीसुद्धा आम्ही विषय बदलून मागितला. 'ख्रिस्ती माणसाची रोजची उपासना' असे कळवले तेव्हा चिटणीस फोनवर थोडा वेळ गप्पच राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे प्रवचन नव्हे ना?"

प्रवचन नव्हे. तो अधिकार आमचा नाही. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, कोश मांडीवर घेऊन. आम्ही बोलणार आहोत ते एका आचाऱ्याविषयी. साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका मठात तो रांधत असे, भांडी घाशीत असे. देवाच्या सान्निध्याविषयी आमच्या धर्मातील थोर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे; त्यातले बरेचसे आमच्या डोक्यावरून गेले. या आचाऱ्याचे बोलणे मात्र नीट हातात आले, कारण आमचे हातही त्याच कामात रापलेले.

आणखी एक खुलासा आधीच केलेला बरा. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. ती संघटनेची सवय आहे. 'मी' म्हणणारा कार्यकर्ता कारखान्याच्या दारावरच्या सभेत फार दिवस टिकत नाही. पण ही सवय नुसती संघटनेचीही नाही. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तीत 'मी' आणि 'माझे' हे शब्दच नाहीत. भाकर मागायची ती आमची, क्षमा मागायची ती आमच्यासाठी. आणि गंमत अशी की खोलीत जा, दार लावून घ्या आणि मग प्रार्थना करा असे ज्याने सांगितले, त्यानेच लागलीच ही बहुवचनी प्रार्थना शिकवली. दार लावून आत बसलेला माणूसही देवापुढे एकटा बसत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता लावला आहे. चुकला असल्यास जाणत्यांनी सांगावे.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मिशनने तिकडे १८३१ साली काम सुरू केले. तेव्हा आमच्याकडचे ख्रिस्ती घर म्हणजे काही साहेबी घर नव्हे. चूल, पाटा-वरवंटा, बाजरीची भाकरी, आणि देव्हाऱ्याच्या जागी एक कोनाडा. त्यात फडक्यात बांधलेले पवित्र शास्त्र. आई पहाटे भाकऱ्या थापताना नारायण वामन टिळकांची पदे म्हणत असे. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली वारले. म्हणजे आईने त्यांस पाहिले असणे शक्य नव्हते. पण घरातल्या थोरल्या माणसाविषयी बोलावे तशी ती त्यांच्याविषयी बोले. तुकारामबुवांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. आईला तो पूल वगैरे ठाऊक नव्हता. तिला एवढेच ठाऊक होते की भाकरी थापताना हात गुंतलेले असतात पण तोंड रिकामे असते, आणि ते रिकामे ठेवू नये.

१९८७ साली, सोळाव्या वर्षी, आम्ही पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्याच्या उपाहारगृहात ताटे धुण्यास लागलो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी उपाहारगृहाची तरतूद होती, म्हणून ते होते. आणि ते ठेकेदाराकडे होते. बाहेर बाकावर बसून जेवणाऱ्याला पगारी रजा. आत रांधून वाढणाऱ्याचे हजेरीपटावर धड नावही नाही. आमच्या मोरीच्या वर एक मोठी पाटी टांगलेली होती: 'काम हीच पूजा'. अक्षर सुरेख, भोवती वेलबुट्टी. तिच्याखाली वाफ आणि धूर कोंडून राही, कारण वाफ बाहेर टाकणारा पंखा दोन वर्षे बंद पडलेला होता आणि तो दुरुस्त करण्यास कोणास सवड नव्हती. पूजेला बसलेल्यांचे डोळे दिवसभर चुरचुरत. खरे सांगायचे तर त्या पाटीने आम्हांस बरीच वर्षे प्रार्थनेपासून दूर ठेवले. आईची पदे आणि ती पाटी एकाच देवाविषयी बोलत असतील, हे मनाला पटेना.

मग संघटनेत आलो आणि अंगात वारे शिरले. सभा, मोर्चे, पत्रके. बोलता येते हे कळले, आणि त्याहून वाईट म्हणजे आपले बोलणे लोकांना आवडते हेही कळले. १९९९ साली एका उपाहारगृहात ठेकेदाराने एका पोऱ्याच्या थोबाडीत मारली. त्या वेळी पगाराची बोलणी चालू होती. संघटनेतले वडीलधारे सांगत होते, आठ दिवस थांबा, कागद हातात येऊ द्या. आम्ही थांबलो नाही. संध्याकाळी दारावर सभा घेतली, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांच्या भरात दुसऱ्या दिवसापासून काम बंद असे जाहीर करून मोकळे झालो. नोटीस नाही, निधी नाही, तयारी नाही. चौथ्या दिवशी ठेकेदाराने नवी माणसे आणली. आमची एकतीस माणसे जी बाहेर गेली ती पुन्हा आत आली नाहीत. दावा न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला. तोवर कोणी हातगाडी लावली, कोणी गावी गेले, एक-दोघांचे संसार मोडले.

ठेकेदाराचा दोष होताच. पण पोराला मारले म्हणून आम्ही पेटलो, हे निम्मेच खरे. उरलेले निम्मे टाळ्यांचे होते. हे आम्ही आज चारचौघांत सांगतो आहो. तेव्हा स्वतःशीही सांगवत नव्हते. चर्चला जात होतो, मागच्या बाकावर बसत होतो, पण प्रार्थनेला ओठ उघडेनात. पाळकसाहेब भले गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "रोज दहा मिनिटे देवाला देत जा." दहा मिनिटांत करायचे काय, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. दहा मिनिटे बसत असू. पहिल्या मिनिटालाच त्या एकतीस माणसांपैकी कोणी तरी समोर येऊन उभे राही आणि आम्ही उठत असू.

अशा दिवसांत पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पातळ इंग्रजी पुस्तक पाच रुपयांना मिळाले. मुखपृष्ठावर चूल आणि पातेले काढलेले होते, म्हणून उचलले. आम्हांस वाटले पाकशास्त्र असेल. ते होते ब्रदर लॉरेन्सचे, देवाच्या सान्निध्यात राहण्याच्या अभ्यासाचे पुस्तक. पन्नास-साठ पाने, वाचण्यास दोन महिने लागले.

या लॉरेन्सचे मूळ नाव निकोलस हर्मन. फ्रान्सच्या पूर्वेकडील लॉरेन प्रांतातल्या एरिमेनिल या खेड्यात १६१४ च्या सुमारास, गरीब घरात, त्याचा जन्म झाला. अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले. त्या देशात हिवाळ्यातले झाड अगदी वठल्यासारखे दिसते, हे ध्यानात घ्यावे. काही दिवसांनी यालाच पाने, मग फुले, मग फळे येतील, हा विचार त्याच्या मनात आला आणि देवाची सत्ता मनावर अशी ठसली की ती पुढे कधी पुसली गेली नाही. पण तेवढ्यावर पोट भरत नाही. तो सैन्यात शिरला. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धाने युरोपची धूळधाण केली; त्यात तो जखमी झाला आणि जन्माचा लंगडा झाला. मग एका धनिकाकडे हुजऱ्या म्हणून राहिला. तिथे हातून सारखे काहीतरी फुटे. आपण धिप्पाड आणि धांदरट होतो, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. शेवटी १६४० साली तो पॅरिसमधल्या कार्मेल संघाच्या अनवाणी संन्याशांच्या मठात गेला. आपल्या धांदरटपणाबद्दल इथे आपली चामडी सोलली जाईल आणि तेच आपल्या पापांना योग्य, अशी त्याची समजूत होती. पण तिथे त्याला समाधानच लाभले. देवाने आपल्याला फसवले, असे तो हसून म्हणे.

मठातही दोन वर्ग होते बरे का! दीक्षित पुरोहित निराळे आणि सेवेकरी बंधू निराळे. लॉरेन्स सेवेकरी. त्यास मुदपाकखान्यात नेमले. ते काम त्यास मनापासून नावडते होते, आणि ते त्याने पंधरा वर्षे केले. पुढे मठातल्या मंडळींची पायताणे शिवण्याचे काम मिळाले. मधूनच मठासाठी द्राक्षमद्य खरीदण्यास त्यास दूर बर्गंडीला पाठवीत. व्यवहाराची अक्कल नाही, पाय लंगडा. होडीत इकडून तिकडे जायचे तर पिंपांवरून लोळत जावे लागे. तरी तो निवांत असे. हे तुझे काम आहे, तूच पाहा, असे देवास सांगून तो निघे, आणि काम कसे पार पडले ते आपल्यालाच कळत नाही, म्हणे.

आता त्याची उपासना. प्रार्थनेच्या निरनिराळ्या पद्धती सांगणारी पुस्तके त्याने वाचून पाहिली आणि गोंधळून बाजूला ठेवली. त्याने एकच गोष्ट धरली: देव इथे, या चुलीपाशी, माझ्याजवळ आहे, आणि त्याच्याशी बोलता येते. काम हाती घेताना दोन शब्द बोलायचे. मध्येच आठवण झाली की पुन्हा बोलायचे. काम संपले की पाहायचे. बरे झाले असेल तर आभार, वाईट झाले असेल तर क्षमा, आणि मग कुढत न बसता पुढचे काम. जमिनीवरची काडी उचलायची तीही देवावरील प्रेमाने. तव्यावर ऑम्लेट उलटायचे तेही त्याच्यासाठी. आणि उलटून झाल्यावर दुसरे काम नसेल तर तिथेच जमिनीवर डोके टेकून नमस्कार करायचा. ठरलेल्या वेळी प्रार्थनामंदिरात गुडघे टेकणे आणि चारही बाजूंनी हाका येत असताना चुलीपुढे उभे राहणे, या दोहोंत त्यास फरक वाटेनासा झाला होता.

ऐकण्यास सोपे आहे. आम्ही दुसऱ्याच दिवशी करून पाहिले आणि दुपारपर्यंत विसरलो. तिसऱ्या दिवशी सकाळीच विसरलो. तेव्हा पुस्तक पुन्हा उघडले, आणि पहिल्या वाचनात ज्यावरून घाईने पुढे गेलो होतो ती गोष्ट दिसली. या माणसाची सुरुवातीची दहा वर्षे फार कष्टाची गेली. त्यातली चार वर्षे तर आपण नरकात जाणार अशी त्याची खात्रीच झालेली होती. देवाच्या सान्निध्याचा गोडवा वगैरे काही नाही. केवळ नावडते काम, लंगडा पाय आणि पुन्हा पुन्हा सुटणारी आठवण. विसरलो असे कळले की तो परत वळे. त्यापेक्षा अधिक काही तो करीत नसे. प्रार्थनेत मन भटकते म्हणून तक्रार करणाऱ्या एकास त्याने सुचवले की श्रीमंताच्या दारात पडून राहिलेल्या मुक्या, पांगळ्या भिकाऱ्यासारखे देवाच्या दारात पडून राहावे. आमची चूक इथे होती. आम्ही देवापुढे बसत होतो ते संघटनेचा पुढारी म्हणून. आपला हिशेब चोख करून मगच बोलायचे या जिद्दीने. एकतीस माणसांचा हिशेब चोख होणारा नव्हता. कुढत न बसता पुढचे काम, हे शब्द आम्हांस प्रथम बेजबाबदारपणाचे वाटले होते. पुढे कळले की कुढत बसणे हीदेखील टाळ्यांचीच एक तऱ्हा आहे. फक्त टाळ्या वाजवणारे आपण एकटे असतो.

या पुस्तकाची कुळकथा थोडक्यात सांगतो, कारण तीत एक गंमत आहे. लॉरेन्सने स्वतः काही पत्रे आणि थोडी वचने मागे ठेवली. बोफोर नावाच्या एका धर्मोपदेशकाने ३ ऑगस्ट १६६६ रोजी त्याची पहिली भेट घेतली आणि त्याच्याशी झालेली बोलणी लिहून ठेवली. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी लॉरेन्स वारला, आणि पुढच्याच वर्षापासून हे साहित्य छापले जाऊ लागले. पण त्याला भेटलेले आणि मानणारे फेनेलाँ हे मोठे धर्माधिकारी. त्यांच्या एका ग्रंथातील मते १६९९ साली पोपने दूषित ठरवली, आणि त्या वादाच्या धुरळ्यात हा बिचारा आचारीही स्वदेशी संशयास्पद झाला. प्रॉटेस्टंट लोकांनी मात्र त्याला उचलले; इंग्लंडात जॉन वेस्लीने आपल्या ग्रंथमालेत त्याला जागा दिली. घरच्यांनी अडगळीत टाकलेले पातेले शेजाऱ्याने कल्हई करून वापरावे, तसे झाले. म्हणूनच ते फिरत फिरत पाच रुपयांना आमच्यापर्यंत पोचले.

आता आमचे संघटनेतले मित्र जो प्रश्न विचारतात तो तुमच्याही मनात आला असेल. हा लॉरेन्स आणि ती मोरीवरची पाटी, यांत फरक काय? ऑम्लेट देवासाठी उलटा, काडी देवासाठी उचला. मग पगार कोणासाठी मागायचा? साम्यवादी मित्र लगेच अफूची आठवण करून देतात. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. कोणा ठेकेदाराच्या हातात हे पुस्तक पडले तर तो त्याच्या शंभर प्रती वाटील, अशी आम्हांसही भीती वाटते.

फरक असा की लॉरेन्स स्वतःविषयी सांगतो. पाटी दुसऱ्याला सांगते. ज्याने स्वतः एकही ताट धुतले नाही, त्याने धुणाऱ्याला तुझे धुणे हीच पूजा म्हणून सांगावे, ही देवाच्या नावाने केलेली मजुरीची चोरी आहे. आमच्या शास्त्रात तीविषयी मुळीच संदिग्धता नाही. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की शेताची कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते, आणि ती आरोळी देवाच्या कानी जाते. प्रार्थना करणाऱ्याने देवाजवळ जायचे म्हणजे ती आरोळी जिथे ऐकू येते तिथेच जायचे. तिथून परत येऊन कोणी कामगाराला गप्प बस म्हणत असेल, तर तो तिथवर गेलाच नव्हता.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. सिमोन वेल नावाची एक फ्रेंच बाई होऊन गेली. ज्यू घरात जन्मलेली, तत्त्वज्ञानाची शिक्षिका. कामगारांचे जिणे पुस्तकांतून कळत नाही म्हणून तिने १९३४-३५ साली नोकरीतून रजा घेऊन कारखान्यांत यंत्रावर काम केले. तिला काय आढळले? नगावर मजुरी आणि यंत्राची गती, यांत माणसाचे विचार करणेच बंद पडते. नव्हे, विचार केला तर हात मागे पडतो आणि पैसे कापले जातात. पुढे ती ख्रिस्ताकडे ओढली गेली. १९४१ साली ती द्राक्षांच्या मळ्यात तोडणीच्या कामावर होती. तेव्हा ती प्रभूची प्रार्थना मूळ ग्रीक भाषेत रोज म्हणत असे, पूर्ण लक्ष देऊन. लक्ष जरा ढळले की पुन्हा पहिल्यापासून. १९४३ साली, चौतिसाव्या वर्षी, ती इंग्लंडात वारली. मळ्यातही अंग मोडून जाई, पण तिथे प्रार्थनेस लक्ष उरत होते. यंत्रापुढे ते उरत नव्हते. लॉरेन्सच्या मुदपाकखान्यात धांदल होती, आरडाओरड होती, पण सेकंद मोजणारा कोणी उभा नव्हता.

आजच्या आमच्या सभासदांकडे पाहा. मोठ्या स्वयंपाकघरात दर मिनिटाला इतक्या पोळ्या निघाल्या पाहिजेत, म्हणून यंत्रावर आकडा चमकत असतो. दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणारे पोरगे खिशातल्या फोनच्या तालावर पळते. त्याने देवाची आठवण कोणत्या चौकात करावी? म्हणून आमचे म्हणणे असे की कामाचे तास, विश्रांतीची पंधरा मिनिटे, आठवड्याची सुट्टी यांसाठी भांडणे हे उपासनेच्या बाहेरचे काम नाही. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आली आहे तिथे कारणही दिले आहे: तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. आणि आपल्याकडे हा विसावा कोणी मिळवून दिला? मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. पण इकडच्या कोणत्याही चर्चमध्ये रविवारी बाकावर बसणाऱ्या कामगाराने त्यांचे नाव घ्यावे असे आम्हांस वाटते. आम्ही एकदा चर्चमध्ये तसे बोललोही. काहींना रुचले नाही.

हे झाले सभासदांचे. कार्यकर्त्याला वेळ नसतो असे आम्ही म्हणतो, ते मात्र बहुधा खोटे असते. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात कफर्णहूमचा एक दिवस आहे. सकाळी सभास्थानात शिक्षण, मग घरात आजारी बाई, आणि सूर्य मावळल्यावर सगळे गाव दाराशी. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात प्रार्थनेस जातो. शिमोन शोधत येतो आणि सांगतो की सगळे तुम्हांला शोधत आहेत. हे वाक्य आम्ही रोज ऐकतो! आणि येशू काय करतो? परत जाऊन त्या गर्दीपुढे उभा राहत नाही. दुसऱ्या गावांकडे निघतो. १९९९ साली आम्ही तो उतारा वाचला असता तर टाळ्यांच्या दुसऱ्या दिवशी पहाटे काय करायचे ते कदाचित कळले असते. कदाचित नसतेही. तो उतारा आम्ही लहानपणापासून ऐकतच होतो.

रोज कशासाठी, आठवड्यातून एकदा का पुरत नाही, असेही विचारतात. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तो त्या दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त विसाव्याच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. भटारखान्यात वाढलेल्या माणसाला याचे स्पष्टीकरण लागत नाही. कालची भाजी आज वाढली की काय होते ते आम्ही पाहिले आहे. भाषणांत कालची प्रार्थना वाढणारे पुढारीही पाहिले आहेत, आणि त्यांत आम्हीही आहो.

आमचे स्वतःचे म्हणाल तर फार थोडे आहे. पहाटे पाचला उठतो. मार्क वाचतो, कारण ते चारांत सर्वांत लहान; सोळा अध्याय, रोज एक तुकडा, संपले की पुन्हा पहिल्यापासून. कधी काही सापडते, बहुधा सापडत नाही. मग त्या एकतीस माणसांची नावे एकेक करून देवापुढे घेतो. पूर्वी ती नावे आरोपपत्रासारखी वाटत. आता हजेरीपटासारखी वाटतात. दिवसा दारावरच्या सभेत चढण्यापूर्वी दोन शब्द, व्यवस्थापनाच्या खोलीत शिरण्यापूर्वी दोन शब्द. राग आला की दोन शब्द बोलण्याचा नियम आहे, तो निम्म्या वेळा पाळला जातो. समोरच्या अधिकाऱ्यासाठीही प्रार्थना करावी लागते, हे आम्हांस सर्वांत जड गेले. तिने मागणी एक पैशाने कमी होत नाही. फक्त मागताना त्याचा अपमान करण्याची चव जाते. आणि ती चव आम्हांस फार आवडत असे.

आमच्या एका उपाहारगृहात एक वृद्ध आचारी होते. माळकरी, आषाढीला सुट्टी मिळाली नाही तर ते डाळीच्या पातेल्यापुढे उभे राहून वारी करीत. आम्ही त्यांना लॉरेन्सची गोष्ट सांगितली. ते डाळ ढवळता ढवळता म्हणाले, "अहो, हा तर आमचा सावता माळी." अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत असे सांगतात, देवच त्यांच्या मळ्यात आला. आम्ही म्हणालो, "अण्णा, फरक आहे." आमचा विश्वास ख्रिस्ताच्या क्रूसावर उभा आहे, तो फरक आम्ही पुसणार नाही आणि अण्णांनीही आपला पुसला नाही. पण त्या दिवशी पंखा बंद होता, आणि तो सुरू करावा म्हणून दुसऱ्या दिवशी गेलेल्या अर्जावर पहिली सही अण्णांची होती. पंखा आठ दिवसांत लागला.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले. एवढे सांगून थांबतो. त्या एकतीस जणांपैकी पाच आज हयात नाहीत; त्यांची नावे आम्ही तरीही घेतो, ते शास्त्राला धरून आहे की नाही हे पाळकांना अजून विचारलेले नाही. बऱ्याच जणांशी पुन्हा बोलणे सुरू झाले; दोघे संघटनेत परत आले. ज्या पोराला ठेकेदाराने मारले होते तो आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, बाजारात वडापावची गाडी लावतो. गेल्या वर्षी आम्ही त्याच्या गाडीवर गेलो. त्याने वडापाव दिला, सुटे पैसे परत केले, आणि एक शब्दही बोलला नाही. यादीत त्याचे नाव एकोणिसावे आहे. उद्या पहाटे पुन्हा येईल.